ईमेलचं हेडर कोडमध्ये वाचणं आणि लिहिणं : मदतनीस फंक्शन्सचा एक पाठ



आज आपण संगणकाच्या तासाला घेता येईल असा एक पाठ पाहणार आहोत. इयत्ता नववीपासून पुढे, ज्या मुलांना पायथनची थोडी ओळख झाली आहे, त्यांच्यासाठी हा पाठ आहे. विषय ऐकायला रुक्ष वाटेल : ईमेलच्या हेडरमधली माहिती कोडने वेगळी काढायची आणि पुन्हा नीट जोडायची. पण हा पाठ मी का तयार केला, ते आधी सांगतो. त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या संगणक क्लबच्या मुलांनी पालक सभेची सूचना ईमेलने पाठवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पालकांचे पत्ते कुठून घ्यायचे? आदल्या वर्षीच्या एका मेलची 'टू' ओळ आमच्याकडे होती, तीच घेतली. एकूण ४० पत्ते, मधे स्वल्पविराम. मुलांनी स्वल्पविरामावर ओळ तोडली आणि एकेका तुकड्याला मेल पाठवायचा लूप लावला. मीच म्हणालो, "छान, चालेल."

सत्ताविसाव्या पत्त्यापाशी गंमत झाली. तिथे नाव "आडनाव, नाव" असं लिहिलेलं होतं, म्हणजे नावाच्या आतच स्वल्पविराम. तुकडा भलतीकडे पडला, अर्धवट आडनाव पत्ता म्हणून पुढे गेलं, सर्व्हरने नकार दिला आणि आमचा लूप तिथेच थांबला. पडद्यावर लाल अक्षरं आली होती, पण तेवढ्यात घंटा झाली आणि कुणी पाहिलंच नाही. पुढच्या पालकांना सूचना मिळाली नाही.

सभेला जे आले नाहीत त्यांच्यापैकी एकाच्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "घरी सांगितलं नाहीस ना?" ती काही बोलली नाही. आठवड्याने प्रोग्रॅम पुन्हा चालवला तेव्हा खरं कारण कळलं. चूक तिची नव्हती, माझ्या स्वल्पविरामाची होती. मी वर्गात तिची माफी मागितली, आणि तेव्हापासून हा पाठ दरवर्षी घेतो.

एक सूचना

हा लेख देवनागरीत असल्यामुळे फंक्शनची नावं आणि नमुने मी देवनागरीतच लिहिले आहेत. संगणकावर टाइप करताना फंक्शनची नावं लहान रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहायची. चलांची म्हणजे व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये खरोखरच मराठीत ठेवता येतात. 'नाव' आणि 'पत्ता' अशी चलं वापरून पाहा, मुलांना फार आवडतं.

दुसरी गोष्ट. सरावासाठी पालकांचे खरे पत्ते मुलांच्या हातात देऊ नका. आम्ही ती चूकही केली होती. 'एक्झाम्पल डॉट कॉम' हे डोमेन १९९९ पासून अशा उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, तिथे कुणाची खरी टपालपेटी नसते. या लेखात मी त्याऐवजी 'उदाहरण.कॉम' असं लिहितो. नावंही काल्पनिक आहेत.

हेडर म्हणजे काय?

प्रत्येक ईमेलचे दोन भाग असतात. वर हेडर, मग एक रिकामी ओळ, आणि त्याखाली मजकूर. हेडरमध्ये ओळी अशा असतात :

फ्रॉम: आशा कुलकर्णी <आशा@उदाहरण.कॉम>
टू: "पाटील, सुनील" <सुनील@उदाहरण.कॉम>, मीना@उदाहरण.कॉम
सब्जेक्ट: पालक सभा शनिवारी
डेट: फ्राय, १५ ऑग २०२५ १०:३०:०० +०५३०

डावीकडे क्षेत्राचं नाव, मग अपूर्णविराम म्हणजे कोलन, मग किंमत. पाहायला इतकं सोपं, की आपल्याला वाटतं साध्या स्प्लिटने काम होईल. इथेच फसगत होते. हेडर ही साधी ओळ नाही, तिला स्वतःचं व्याकरण आहे. ते १९८२ साली 'आरएफसी ८२२' या दस्तऐवजात लिहिलं गेलं, आणि २००८ पासून त्याची सुधारलेली आवृत्ती 'आरएफसी ५३२२' वापरात आहे. अवतरणचिन्हांच्या आतला स्वल्पविराम हा विभाजक नसतो, कंसात टीप लिहिता येते, लांब ओळ मोडून पुढच्या ओळीत नेता येते (पुढची ओळ मग मोकळ्या जागेने सुरू होते), असे बरेच नियम त्यात आहेत.

मराठीच्या तासाला आपण संधी सोडवतो ना? 'सूर्योदय' हा शब्द कुठे तोडायचा हे नियम ठरवतो, आपली कात्री नाही. 'सूर्यो' आणि 'दय' असं कुणी तोडलं तर तुकडे दोनच पडतील, पण अर्थ जाईल. हेडर फोडणं म्हणजे पार्स करणं, हा संधिविग्रह. आणि नाव व पत्ता घेऊन नियमाप्रमाणे ओळ बांधणं म्हणजे फॉरमॅट करणं, ही संधी. दोन्ही कामांसाठी पायथनमध्ये तयार मदतनीस फंक्शन्स आहेत. 'ईमेल' नावाच्या पॅकेजमध्ये 'यूटिल्स' नावाचा भाग आहे, त्यात ती मिळतात. वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही.

१. पत्ता फोडणं : पार्सअ‍ॅड्र आणि गेटअ‍ॅड्रेसेस

'पार्सअ‍ॅड्र' एक पत्ता घेतं आणि जोडी देतं : पहिलं नाव, दुसरा पत्ता.

आशा कुलकर्णी <आशा@उदाहरण.कॉम>

असं दिलं की 'आशा कुलकर्णी' आणि 'आशा@उदाहरण.कॉम' असे दोन भाग हातात येतात. नाव नसेल तर पहिला भाग रिकामा.

'टू' ओळीत अनेक पत्ते असतात, तिथे 'गेटअ‍ॅड्रेसेस' वापरायचं. ते जोड्यांची यादी देतं. त्याला एक ओळ नाही, तर ओळींची यादी द्यावी लागते, म्हणून एकच ओळ असली तरी ती चौकटी कंसात घाला. मुलं हे हमखास विसरतात. वरच्या नमुन्यातली 'टू' ओळ दिली तर बरोबर दोन जोड्या मिळतात, आणि 'पाटील, सुनील' हे नाव अखंड राहतं. आमच्या सत्ताविसाव्या पत्त्यासाठी एवढंच पुरेसं होतं.

पण इथेही डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. तीन गोष्टी मुलांच्या वहीत लिहून द्या :

पहिली, पत्ता समजला नाही तर 'पार्सअ‍ॅड्र' आरडाओरडा करत नाही. ते गुपचूप दोन रिकाम्या जागा देतं. म्हणून मिळालेला पत्ता रिकामा तर नाही ना, हे आपणच तपासायचं.

दुसरी, नुसतं 'आशा' असं दिलं तर ते 'आशा' हा शब्दच पत्त्याच्या जागी ठेवतं. म्हणून पत्त्यात @ चिन्ह आहे का, हेही पाहायचं.

तिसरी, जुन्या आवृत्त्यांत मुद्दाम वाकडा लिहिलेला पत्ता देऊन या फंक्शनला फसवता येत असे, म्हणजे भलताच पत्ता खरा म्हणून बाहेर पडायचा. पायथन ३.१३ मध्ये 'स्ट्रिक्ट' नावाचा पर्याय आला आणि तो आपोआप चालू असतो. अशी वाकडी ओळ आता सरळ नाकारली जाते. शाळेतल्या संगणकांवर पायथन जुनं असेल तर सवड काढून नवं घाला.

२. पत्ता बांधणं : फॉरमॅटअ‍ॅड्र

हे उलटं काम करतं. नाव आणि पत्ता यांची जोडी घेतं आणि हेडरमध्ये शोभेल अशी ओळ देतं. नावात स्वल्पविराम किंवा तसं दुसरं खास चिन्ह असेल तर अवतरणचिन्हं स्वतः घालतं. नावाच्याच आत अवतरणचिन्ह असेल तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ देतं.

मुलं सहसा नाव, कोनी कंस, पत्ता, कोनी कंस असं बेरजेच्या चिन्हाने जोडतात. साध्या नावाला ते चालतंही, आणि म्हणूनच ती सवय लागते. मग एखाद्या दिवशी यादीत स्वल्पविराम असलेलं नाव येतं.

इथे एक छान चाचणी घेता येते. संधी केली आणि पुन्हा सोडवली, तर मूळचे शब्द परत मिळायला हवेत. जोडी घ्या, 'फॉरमॅटअ‍ॅड्र'ने बांधा, आलेली ओळ 'पार्सअ‍ॅड्र'ने फोडा. जोडी तशीच परत आली का? रोमन लिपीतल्या नावांसाठी येते. मराठी नाव दिलं तर येत नाही! तिथे नावाच्या जागी काहीतरी अगम्य दिसतं. मुलं म्हणतात, "सर, बिघडलं." बिघडलेलं नसतं, आणि पाठाचा सगळ्यात रंगतदार भाग इथूनच सुरू होतो.

३. मराठी नाव हेडरमध्ये कसं बसतं?

ईमेलचे मूळ नियम ठरले तेव्हा हेडरमध्ये फक्त आस्की अक्षरांना जागा होती, म्हणजे इंग्रजी वर्णमाला, अंक आणि काही चिन्हं. मग 'आशा' कसं लिहायचं? १९९६ च्या 'आरएफसी २०४७' ने वाट काढली : जे अक्षर चालत नाही ते चालणाऱ्या अक्षरांच्या वेषात न्यायचं. त्या वेषाचा साचा असा :

=?यूटीएफ-८?बी?…?=

सुरुवातीला बरोबरचं चिन्ह आणि प्रश्नचिन्ह, मग लिपीसंच कोणता, मग वेष कोणता ('बी' म्हणजे बेस६४), मग प्रत्यक्ष मजकूर, आणि शेवटी प्रश्नचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह.

आता फळ्यावर हिशोब करू. 'आशा' या शब्दात आपण दोन अक्षरं मोजतो, संगणक तीन खुणा मोजतो : आ, श आणि काना. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. म्हणजे ९ बाइट. बेस६४ मध्ये दर ३ बाइटची ४ रोमन अक्षरं किंवा चिन्हं होतात. म्हणजे १२. साच्याची सुरुवात १० आणि शेवट २ असे आणखी १२. एकूण २४. दोन अक्षरी आशा हेडरमध्ये चोवीस घरं व्यापते!

आणि त्यात एक गंमत लपलेली आहे. 'आशा'चं बेस६४ रूप रोमन लिपीत असं येतं (सगळी मोठी अक्षरं) :

४केएसजी, ४केएस२, ४केएस+

(स्वल्पविराम वाचायला सोपं जावं म्हणून मी घातलेत.) काही दिसलं? प्रत्येक चौकडीची सुरुवात सारखी : चार, के, एस. हा योगायोग नाही. युनिकोडच्या देवनागरी कोष्टकातल्या पहिल्या अर्ध्या खुणांचे पहिले दोन बाइट सारखेच असतात, आणि त्यांची सुरुवात 'चार, के, एस' अशीच होते. कोष्टकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त वगैरे येतात, त्यांची सुरुवात 'चार, के, डब्ल्यू' अशी होते. म्हणजे हेडरच्या त्या जंजाळात 'चार-के-एस', 'चार-के-डब्ल्यू' अशी रांग दिसली, की न उलगडताच सांगता येतं : इथे देवनागरी आहे! शब्दांमध्ये मोकळी जागा आली की मात्र चौकड्यांचं गणित सरकतं, कारण मोकळी जागा एकाच बाइटची असते. मुलांना आपापलं नाव बेस६४ मध्ये बदलून हे तपासायला सांगा. तो तास मुलं विसरत नाहीत.

तुकडे कुठे पाडायचे?

अशा एका सांकेतिक तुकड्याची लांबी ७५ पेक्षा जास्त चालत नाही. साच्याची १२ घरं वजा केली तर ६३ उरतात. चौकड्या पूर्ण हव्यात, म्हणून ६०. म्हणजे ४५ बाइट. म्हणजे एका तुकड्यात देवनागरीच्या जास्तीत जास्त १५ खुणा.

'पालक सभा शनिवारी' मोजून पाहा. देवनागरीच्या खुणा १४, त्यांचे ४२ बाइट, आणि दोन मोकळ्या जागांचे २. एकूण ४४. जेमतेम बसलं. त्यात 'सकाळी' जोडलं की दोन तुकडे करावेच लागतात. शिवाय असा तुकडा असलेली हेडरची ओळ ७६ घरांपेक्षा लांब चालत नाही, आणि 'सब्जेक्ट' हे क्षेत्राचं नावही त्यातच धरलं जातं, म्हणून प्रत्यक्षात तुकडे याहून लवकर पडतात.

तुकडे पाडताना नियम असा, की एका खुणेचे तीन बाइट दोन तुकड्यांत विभागायचे नाहीत. घरी बनवलेला कोड नेमका हाच नियम मोडतो, आणि मग मेलच्या विषयात मधेच काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतं. तुम्हीही पाहिलं असेल. मराठी अक्षरं 'तुटलेली' आली की आपण फॉन्टला दोष देतो, पण पुष्कळदा कुणीतरी बाइटच्या मधे कात्री चालवलेली असते.

हे काम 'हेडर' नावाचा तयार वर्ग म्हणजे क्लास करतो. आणि नावापुरतं असेल तर 'फॉरमॅटअ‍ॅड्र' स्वतःच वेष चढवतं. म्हणूनच आपल्या चाचणीत नाव अगम्य दिसलं. बांधताना वेष चढला, पण फोडताना 'पार्सअ‍ॅड्र' तो उतरवत नाही. उतरवण्यासाठी 'डीकोड_हेडर' आणि 'मेक_हेडर' ही जोडगोळी आहे. पहिलं तुकडे सुटे करतं, दुसरं ते जोडतं, आणि त्याला 'एसटीआर'ने मजकुरात बदललं की वाचता येईल असं 'आशा' परत मिळतं.

एक इशारा : 'फॉरमॅटअ‍ॅड्र' नावात मराठी चालवून घेतं, पण पत्त्यात नाही. @ च्या मागेपुढे देवनागरी दिली तर ते चूक दाखवून थांबतं. देवनागरीत पत्ते असू शकतात, त्यासाठीचे नियम २०१२ मध्ये आले आणि '.भारत' हे डोमेनही आहे. पण त्यासाठी दोन्हीकडच्या सर्व्हरची तयारी लागते, तो वेगळा पाठ होईल.

आधी फोडा, मग वेष उतरवा

हा क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून वेगळा सांगतो. पुष्कळ जण आधी सगळी ओळ उलगडतात आणि मग पत्ते वेगळे करतात. समजा एखाद्याने नावाच्या वेषातच स्वल्पविराम, @ किंवा कोनी कंस लपवला. आधी वेष उतरवला तर ती चिन्हं ओळीत मोकळी होतात आणि फोडणाऱ्याला वाटतं, हा तर पत्ताच आहे. आधी फोडलं तर ती चिन्हं नावाच्या पेटीतच बंद राहतात. म्हणून नेहमी आधी 'गेटअ‍ॅड्रेसेस', नंतर फक्त नावाच्या भागावर 'डीकोड_हेडर'.

४. तारीख : मजकूर म्हणून नाही, वेळ म्हणून वाचा

समजा प्रकल्प पाठवायची शेवटची वेळ १४ ऑगस्टच्या रात्री १२ आहे. सुट्टीत अमेरिकेत आजोबांकडे गेलेल्या मुलाचा मेल येतो :

डेट: थर्स, १४ ऑग २०२५ १४:३५:०० -०४००

ओळीत '१४ ऑग' दिसतं, म्हणून वेळेत आला असं वाटेल. पण शेवटचं -०४०० सांगतं, की ही वेळ प्रमाणवेळ यूटीसीच्या ४ तास मागे आहे. १४:३५ अधिक ४ तास, म्हणजे १८:३५ यूटीसी. त्यात आपले साडेपाच तास मिळवले की ००:०५, तारीख १५ ऑगस्ट. पाच मिनिटं उशीर. सवलत द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण हिशोब तरी बरोबर हवा.

'पार्सडेट_टू_डेटटाइम' ही ओळ घेऊन वेळेच्या फरकासह खरी वेळ देतं, मग तुलना करता येते. मजकूर म्हणून क्रम लावला तर आणखी मजा : इंग्रजी वर्णक्रमात शुक्रवार सोमवारच्या आधी येतो. शेवटी -०००० असं असेल तर त्याचा अर्थ, वेळ यूटीसीतली आहे पण पाठवणाऱ्याचा स्थानिक फरक माहीत नाही. अशा वेळी हे फंक्शन फरकाशिवायची वेळ देतं, आणि तिची फरकासहच्या वेळेशी थेट तुलना केली की पायथन चूक दाखवतं. तोही एक प्रयोग करून घ्या.

तारीख लिहिताना 'फॉरमॅट_डेटटाइम' वापरा. 'एसटीआरएफटाइम'ने वार आणि महिन्याचं नाव लिहायचा मोह होतो, पण ती नावं संगणकाच्या भाषा-सेटिंगप्रमाणे बदलू शकतात. प्रोग्रॅममध्ये मराठी सेटिंग चालू केलं असेल तर वार मराठीत येईल आणि हेडर चुकेल, कारण तिथे इंग्रजी लघुरूपंच लागतात. 'फॉरमॅट_डेटटाइम' सेटिंग काहीही असलं तरी ठरलेलीच नावं लिहितं.

५. ओळ मोडणारा विषय

शाळेच्या फॉर्ममधून आलेला मजकूर आपण थेट 'सब्जेक्ट'मध्ये टाकतो. त्यात कुणी मुद्दाम नवी ओळ घातली आणि पुढे 'बीसीसी' आणि शंभर पत्ते लिहिले तर? हेडरमध्ये नवी ओळ म्हणजे नवं क्षेत्र. आपल्या नावाने भलत्यांना मेल जातील. याला हेडर इंजेक्शन म्हणतात. पायथनचा नवा 'ईमेलमेसेज' वर्ग अशी किंमत स्वीकारतच नाही, चूक दाखवतो. त्यावर मुलं चूक झाकून पुढे जायचा प्रयत्न करतात. तसं करू देऊ नका. ती चूक म्हणजे दारावरचा राखणदार आहे.

'ईमेलमेसेज'चा आणखी एक फायदा : 'टू' क्षेत्राला 'अ‍ॅड्रेसेस' विचारलं की प्रत्येक पत्त्याचं नाव, @ च्या आधीचा भाग आणि डोमेन वेगवेगळं मिळतं, तेही वेष उतरवून. मग एवढे कष्ट कशाला, असं मुलं विचारतात. मी सांगतो, आधी हाताने भागाकार, मग कॅल्क्युलेटर.

वर्गातली कृती : कात्री आणि चिठ्ठ्या

साहित्य : कागदाच्या पट्ट्या, कात्री. वेळ : एक तास.

चार गट करा. प्रत्येक गटाला हेडरची एकेक पट्टी द्या : एक साध्या दोन पत्त्यांची, एक नावात स्वल्पविराम असलेली, एक सांकेतिक वेषातल्या नावाची, एक पूर्ण रिकामी. पहिल्या फेरीत नियम एकच : जिथे स्वल्पविराम, तिथे कापा. तुकडे फळ्यावर चिकटवा. दुसरा गट लगेच ओरडतो. आता मुलांनाच नियम सुधारायला सांगा. "अवतरणचिन्ह उघडं असेल तर कापायचं नाही" हे वाक्य मुलांकडूनच येऊ द्या. मग संगणकावर बसून एक छोटं मदतनीस फंक्शन लिहा. पायऱ्या अशा :

१) 'टू' ओळ घ्या, चौकटी कंसात घालून 'गेटअ‍ॅड्रेसेस'ला द्या.
२) ज्या जोडीत पत्ता रिकामा आहे किंवा @ नाही, ती 'शंकास्पद' यादीत ठेवा. फेकू नका.
३) उरलेल्या प्रत्येक नावाचा वेष उतरवा.
४) दोन्ही याद्या परत द्या.
५) मेल पाठवणाऱ्या लूपमध्ये एक पत्ता चुकला तर नोंद करा आणि पुढच्यावर जा. शेवटी किती गेले, किती राहिले ते छापा.

पाचवी पायरी मी अनुभवातून घातली आहे. 'शंकास्पद' यादी शिक्षकाने वाचायची आणि त्या पालकांना फोन करायचा. मुलाला जाब विचारायच्या आधी.

पालकांसाठी

कोड लिहायचा नसला तरी या पाठातली एक गोष्ट तुमच्या रोजच्या उपयोगाची आहे. 'फ्रॉम' ओळीत नाव आणि पत्ता हे दोन वेगळे भाग असतात हे आपण पाहिलं. त्यातलं नाव पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेलं असतं. कुणीही तिथे 'मुख्याध्यापक' किंवा 'फी विभाग' लिहू शकतो. लेटरहेड छापायला काय लागतं? मोबाइलवर पुष्कळदा फक्त नावच दिसतं, पत्ता झाकलेला असतो.

म्हणून फी, बँक, ओटीपी असा विषय आला की नावावर बोट ठेवून पत्ता उघडा. @ नंतरचा भाग शेवटपर्यंत वाचा. 'उदाहरण.कॉम' आणि 'उदाहरण-फी.कॉम' ही दोन वेगळी डोमेनं आहेत. कोडमध्येही हेच : शेवट जुळतो का एवढंच पाहिलं तर 'नकलीउदाहरण.कॉम' सुद्धा पास होतं. @ नंतरचा पूर्ण भाग लहान अक्षरांत करून तंतोतंत जुळवायचा.

पत्ता बरोबर दिसला तरी तोही खोटा लिहिता येतो. संगणकावर जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' निवडलं की पूर्ण हेडर दिसतं, आणि वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तपासण्यांचे निकाल दिसतात. पण त्या 'पास' असल्या तरी अर्थ इतकाच, की मेल त्या डोमेनकडून आला. ते डोमेन शाळेचं आहे का, हे आपणच पाहायचं. शंका असेल तर मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या शाळेच्या नंबरवर फोन करा.

सरावासाठी

१) स्वतःचं पूर्ण नाव देवनागरीत लिहा. खुणा, बाइट आणि बेस६४ ची लांबी हाताने काढा, मग संगणकावर पडताळा. नाव एका तुकड्यात बसतं का?
२) नावात स्वल्पविराम असलेली जोडी बांधा आणि फोडा. परत तीच जोडी मिळाली का?
३) नाव मराठीत ठेवून तीच चाचणी पास व्हायला कोणती पायरी वाढवावी लागेल?
४) दुबईतून (+०४००) रात्री ११ वाजता पाठवलेल्या मेलची आपली वेळ आणि तारीख काय?
५) रिकामी ओळ, नुसतं नाव, नुसता पत्ता आणि दोन @ असलेला पत्ता, हे चारही तुमच्या फंक्शनला द्या. कोणते 'शंकास्पद' यादीत जायला हवेत?

चौथ्याचं उत्तर : दुसऱ्या दिवशी पहाटे १२:३०. बाकीची मुलांना शोधू द्या.

हा पाठ दोन तासांत होतो, तिसरा तास मिळाला तर उत्तमच. तुमच्या वर्गातल्या मुलांनी कात्री कुठे चालवली आणि कोणता नियम स्वतः शोधला, ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पाठ घेताना त्याच नोंदी सगळ्यात जास्त कामाला येतात.